सीमाभागात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं: कोणती घ्यावी, कुठून मिळवावी

प्रश्न असा आला आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईची दोन मुलं, थोरली मुलगी १० वर्षांची आणि धाकटा ७ वर्षांचा, यंदापासून घरीच शिकणार आहेत. घरात मराठी, बाजारात नि बसमध्ये कन्नड, आणि इंग्रजी पुढे लागणारच. पुस्तकं महाराष्ट्राची घ्यावी की कर्नाटकाची, ती मिळतात कुठे, कन्नड घरी कसं करून घ्यायचं, दहावीचं काय, आणि हे सगळं बेताच्या पैशात कसं बसवायचं?

ताई, पुस्तकांच्या दुकानाची पायरी चढण्याआधी दोन्ही मुलांसोबत एक-एक तास बसा. घरी शिकवायला सुरुवात करणाऱ्या बहुतेक घरांत पहिला पैसा वाया जातो तो इयत्तेचा अख्खा संच आणण्यात. मुलगी १० वर्षांची म्हणून पाचवीचा संच येतो आणि महिन्याभरात कळतं की मराठी वाचन तिच्यासाठी फार सोपं आहे, भागाकार चौथीतलाच अडतोय आणि कन्नड तर अजून अक्षरांवरच आहे. इयत्ता ही शाळेची सोय आहे, तिथे चाळीस मुलांना एका बाकावर आणायचं असतं. तुमच्याकडे दोनच मुलं आहेत, तेव्हा प्रत्येक विषयाचं पुस्तक त्या विषयातल्या पातळीवरून निवडता येतं.

ही पातळी तपासायला ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाचे कागद उत्तम आहेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण चालतं आणि त्याचे वाचनाचे नि गणिताचे नमुने मराठी, कन्नड, इंग्रजी अशा भाषांत संकेतस्थळावर मोफत आहेत. वाचनाची सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल शब्दाशब्दावर न अडखळता, वाक्य वाक्यासारखं वाचत असेल आणि चुका तीनपेक्षा जास्त नसतील, तर पुढची गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर पाच शब्द वाचायला सांगायचे, चार बरोबर यायला हवेत. तेही नाही जमलं तर पाच अक्षरं. गणितात आकडे ओळखणं, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. हे सगळं मराठीत करा आणि वाचन दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये पुन्हा करा. एकाच मुलीची मराठीतली पातळी ‘गोष्ट’ आणि कन्नडमधली ‘अक्षर’ निघणं आपल्या भागात अगदी नेहमीचं आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त पुस्तकं त्याप्रमाणे आणायची. तपासताना चूक दुरुस्त करू नका, मान डोलवत ऐका, नाहीतर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघून वाचायला लागतं.

आता बोर्डाचा प्रश्न. याचं उत्तर दुसऱ्या एका प्रश्नात दडलंय: मुलं एक-दोन वर्षांनी इथल्याच शाळेत परत जाण्याची शक्यता आहे का? असेल तर गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राला कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची मराठी माध्यमाची पुस्तकं कणा म्हणून धरा. ती सोसायटीच्या संकेतस्थळावर इयत्तावार, माध्यमवार पीडीएफ रूपात मोफत मिळतात. परत जायचं नसेल, पुढे मुक्त विद्यालयातून दहावी करायची असेल, तर बालभारती घ्या. माझं मत विचाराल तर प्राथमिक गणिताला बालभारतीच सोयीची, आणि त्याला एक कारण आहे जे सीमाभागातल्या घरांच्या सहसा लक्षात येत नाही. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेलं हे मंडळ फक्त मराठी पुस्तकं काढत नाही. सोलापूर, सांगली या जिल्ह्यांतल्या कन्नड शाळांसाठी ते कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढतं. म्हणजे तेच गणिताचं पुस्तक, तीच चित्रं, तीच उदाहरणं मराठीत आणि कन्नडमध्ये मिळतात. ई-बालभारती या संकेतस्थळावरून दोन्ही उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. मुलीला अपूर्णांक मराठीत कळले की तेच पान कन्नडमध्ये उघडायचं. बेरजेला संकलन, वजाबाकीला व्यवकलन, अपूर्णांकाला भिन्नराशी, हे शब्द तिला पाठ करावे लागत नाहीत, समोरच्या उदाहरणातून कळतात. असा जोडसंच कोणी विकत देत नाही, तो आपल्याला फुकट करून घेता येतो.

बालभारतीची छापील पुस्तकं घ्यायची तर कोल्हापूरला मंडळाचं भांडार आहे, आणि चंदगड, गडहिंग्लजच्या स्टेशनरी दुकानांतही जूनमध्ये ती येतात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, कर्नाटकातल्या त्याआधी, मेअखेरीस. त्यामुळे कर्नाटकाची पुस्तकं बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजार भागात मेअखेरीस शोधा आणि महाराष्ट्राची त्यानंतर पंधरवड्याने. ऑगस्टमध्ये गेलात तर हव्या इयत्तेचं एखादं पुस्तक हमखास संपलेलं असतं. जुनी पुस्तकं घेताना एक काळजी घ्या. २०२३-२४ पासून बालभारतीची बरीच पुस्तकं चार भागांत, मधे वहीची कोरी पानं घालून निघाली. त्यातल्या एका भागात सगळ्या विषयांचे थोडे थोडे धडे असतात. कोणी ‘चौथीचं पुस्तक आहे’ म्हणून एकच भाग दिला तर तुमच्या हातात वर्षाचा पाव हिस्साच येतो. चारही भाग मागून घ्या, किंवा त्याआधीची विषयवार आवृत्ती घ्या. आणि पीडीएफ एका आवृत्तीची नि छापील पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं असं होऊ देऊ नका. पान क्रमांक जुळत नाहीत आणि मुलं वैतागतात.

पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये चालतात. ॲप उघडल्यावर बोर्ड, माध्यम आणि इयत्ता नीट निवडा. कर्नाटक निवडून महाराष्ट्राच्या पुस्तकाचा कोड दाखवलात तर भलतंच काही समोर येतं, आणि मग ॲपच वाईट म्हणून लोक ते काढून टाकतात. नेट असेल तेव्हा व्हिडिओ उतरवून ठेवता येतात. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत हाच मार्ग बरा.

पाठ्यपुस्तकं मात्र दिवसाचा एक तास घेतील एवढीच ठेवा. मुलं भाषा शिकतात ती गोष्टींच्या पुस्तकांतून, आणि ही पुस्तकं पुष्कळ लागतात. सात वर्षांच्या मुलाला आठवड्याला पाच-सहा छोटी पुस्तकं लागली तरी नवल नाही. ती विकत घेणं कुणालाच परवडत नाही, म्हणून पहिला आधार ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ. तिथल्या हजारो गोष्टी मोफत आहेत आणि खुल्या परवान्यामुळे छापून घ्यायलाही आडकाठी नाही. मराठी आणि कन्नड दोन्हींत भरपूर आहेत. पायऱ्या चार (या इयत्ता नव्हेत): पहिल्या पायरीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या, दुसऱ्या पायरीत ६०० पर्यंत, तिसऱ्या पायरीत १५०० पर्यंत, चौथ्या पायरीत त्याहून मोठ्या. पण ही पायरी मुख्यतः लांबीवरून ठरते. मराठी वाचकाला अडवते ती जोडाक्षरं. पहिल्या पायरीच्या एखाद्या गोष्टीत ‘आश्चर्य’, ‘स्वच्छ’, ‘उत्सुकता’ एकाच पानावर येतात आणि सात वर्षांचं मूल तिथेच पुस्तक मिटतं. म्हणून छापण्याआधी गोष्ट स्वतः वाचा. एका पानावर तीनपेक्षा जास्त अवघड जोडाक्षरं असतील तर ती तुम्ही वाचून दाखवायची, मुलाच्या हातात वाचायला द्यायची नाही. बऱ्याच गोष्टी भाषांतरित आहेत, काहींची वाक्यं मराठीत कशीतरीच वाटतात. मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळली तर सोडून द्या, दुसऱ्या शेकडो आहेत.

छपाईचं नीट सांगते, कारण इथेच कागद वाया जातो. गोष्ट मुखपृष्ठ धरून १६ पानांची असेल तर ए-फोरचे चार कागद लागतात: प्रत्येक कागदावर चार पानं, मधोमध घडी. झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट, दोन्ही बाजूंनी’ एवढंच सांगून भागत नाही. ‘आखूड कडेवर पलटून’ असं सांगा. लांब कडेवर पलटलं तर मागची बाजू उलटी छापली जाते आणि चारही कागद रद्दीत जातात. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, ती चालतात, मुलं त्यावर चित्र काढतात. साधा स्टेपलर घडीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा, पुस्तक दोन मुलांच्या हातूनही टिकतं. रंगीत छपाई महाग पडते, गोष्टींना काळी-पांढरी चालते. पहिली-दुसरीच्या गणिताला मात्र चालत नाही, कारण ‘लाल फुगे मोजा’ म्हटलं तर सगळेच फुगे राखाडी दिसतात. ती पानं मोबाईलवर दाखवा, किंवा कृष्णधवल छापून मुलाकडूनच रंगवून घ्या.

मराठी वाचनासाठी विकत घेण्यासारखं निवडायचं झालं तर ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’चे भाग. बाल गटाचे दोन, कुमार गटाचे दोन. वेगवेगळ्या लेखकांचे वेचे, त्यांच्यासोबत चित्रं आणि खेळ असं त्याचं स्वरूप आहे. मुलीसाठी कुमार गट, पण बाल गटापासून सुरू केलं तरी बिघडत नाही. लेखन आणि व्याकरणासाठी त्यांचंच ‘लिहावे नेटके’ आहे. ते एका दमात संपवायचं पुस्तक नाही. आठवड्याला दोन-तीन पानं, अशी वर्ष-दोन वर्षं पुरतात.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक नेटवर मोफत पाहता येतात. कोडी, विज्ञानाच्या छोट्या टिपा, कविता, सगळं त्यात आहे, आणि भाषा कसलेल्या लेखकांची. अंक सलग वाचायला लावू नका. मुलीला विषय विचारा, शोधून द्या. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांचं साहित्य आता मुक्त आहे आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्या सगळीकडे दिसतात. घेताना ‘संक्षिप्त’ लिहिलेलं नाही ना ते पाहा. शब्द अडला, माहिती हवी असली की मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे. मुलांसाठी कुमार विश्वकोशातल्या नोंदी सोप्या पडतात. आणि तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी पुण्याहून निघणारं ‘पालकनीती’. १९८७ पासून ते पालकांशीच बोलतं.

वाचनालय विसरू नका. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाला एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे. महिन्यातून एकदा कामाला गेलात तरी पिशवीभर पुस्तकं आणता येतील. गावात ग्रामपंचायतीचं ग्रंथालय असेल, आता त्याला बऱ्याच ठिकाणी अरिवु केंद्र म्हणतात, तर तिथे मुलांची नावं घाला. ‘ओदुव बेळकु’ या २०२० मधल्या योजनेखाली ६ ते १८ वयाच्या मुलांना सदस्यत्व मोफत आहे. तिथे मराठी पुस्तकं कमी असतात हे खरं, पण कन्नड चित्रपुस्तकं मिळतात, आणि आपल्याला तीच तर हवी आहेत. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर पानं चाळून, मुलांच्या हाताने निवडून घेता येतं. दुकानातून यादीवर मागवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

कन्नडला आता थोडं जास्त थांबते, कारण घरी शिकवणाऱ्या मराठी आई-बापांची भीती इथेच असते. भीतीचं कारण नाही. कन्नडची वर्णमाला आपल्यासारखीच चालते, क-ख-ग-घ पासून ळ पर्यंत. मुलाला देवनागरी पक्की येत असेल तर उच्चार त्याला माहीतच आहेत, फक्त आकार नवे. म्हणून देवनागरी पक्की होईपर्यंत कन्नड लिपी सुरू करू नका. तोवर नुसतं बोलणं, गाणी, बाजारात हिशेब. धाकट्याला हे वर्ष तोंडी कन्नड पुरे.

थोरलीसाठी लिपी सुरू करताना तीन जागी मुलं नेमकी चुकतात. पहिली, ह्रस्व आणि दीर्घ ए-ओ. आपल्या कानाला हा फरक नाही, कन्नडला आहे. ओ आखूड ठेवून ‘कोडु’ म्हटलं की ‘दे’, लांबवून म्हटलं की ‘शिंग’. वाचण्याआधी हे कानाने शिकवायला हवं, दुकानातल्या अक्काकडून किंवा शेजारणीकडून. दुसरी, महाप्राण अक्षरं. कन्नडमध्ये द, ड, प, ब यांच्या खाली एक बारीक उभी रेघ दिली की ध, ढ, फ, भ होतात. आकार तोच, फरक त्या रेघेचाच. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ही रेघ उडते, भ चा ब होतो, आणि मूल चुकीचं वाचतं म्हणून आपण त्याला दोष देतो. कन्नड पानं नेहमी मूळ पीडीएफवरून छापा, आणि अक्षर मोठं ठेवा. तिसरी जागा जोडाक्षरं. आपण पहिलं अक्षर अर्धं करतो, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसऱ्याचं छोटं रूप खाली लागतं. वेलांटी मात्र वरच्या अक्षराला दिली जाते. तांदळाचा ‘अक्की’ मूल ‘अकिक’ असं वाचतं ते यामुळे. ते निष्काळजीपणाने वाचत नसतं, मराठीच्या नियमाने वाचत असतं. किराणा दुकानातल्या पाट्यांवर अक्की, बेल्ल (गूळ), उप्पु (मीठ) हे शब्द शोधायला सांगा. आठवड्याभरात डोळा खालच्या अक्षराला सरावतो.

पुस्तकांत, स्टोरीवीव्हरवरच्या एकाच गोष्टीची मराठी नि कन्नड आवृत्ती दोन्ही छापा. पानोपानी चित्र तेच असतं. आधी मराठी, दुसऱ्या दिवशी कन्नड तुम्ही किंवा कन्नड येणारं कोणी वाचून दाखवायचं, तिसऱ्या दिवशी मुलीने. मराठी पान उघडं ठेवून शब्दाला शब्द लावायला लावू नका, वाक्यरचना जुळते खरी पण मूल वाचायचं सोडून भाषांतर करायला लागतं. पाठ्यपुस्तक घेताना लक्षात ठेवा: सहावी ते दहावी कर्नाटकात पहिल्या भाषेचं पुस्तक ‘सिरी कन्नड’, दुसऱ्या भाषेचं ‘तिळि कन्नड’. मराठी घरातल्या मुलाला दुसरं. चुकून पहिलं आणलं तर सुरुवातीच्या कवितेलाच मूल हात टेकतं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला दोन्ही भाषांत आहे, किंमत माफक. नवकर्नाटक प्रकाशनाची मुलांची पुस्तकंही पाहा. तुम्हाला स्वतःला शब्द अडला तर ‘अलर’ हा कन्नड-इंग्रजी कोश नेटवर मोफत आहे.

कन्नडचा एक फायदा गणितात होतो, तो जरूर उचला. मराठीत ४८ म्हणजे अठ्ठेचाळीस: आधी आठ ऐकू येतात, मग चाळीस. मूल ऐकल्या क्रमाने लिहितं आणि ८४ होतात. त्यात एकोणतीससारखे आकडे, जे बोलतात तिसाचं आणि असतात विसाच्या घरात. कन्नडमध्ये ४८ म्हणजे नलवत्तेंटु, नलवत्तु आणि एंटु, चाळीस आणि आठ. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. लिहायचा क्रम आणि बोलायचा क्रम एकच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आपल्या मुलांना हीच सोय बाजारातल्या कन्नडने आधीच दिलेली आहे. धाकट्याला आकडा दाखवून आधी कन्नडमध्ये म्हणायला सांगा, मग मराठीत. दोन आठवड्यांत उलटापालट कमी झालेली दिसेल.

त्यासोबत गणितमाळ करा. एकाच आकाराचे १०० मणी, ५० एका रंगाचे, ५० दुसऱ्या. दहा-दहाने रंग बदलायचा. दोरा नायलॉनचा, इलॅस्टिक नको, कारण ताणला की मण्यांमधलं अंतर बदलतं आणि मूल अंतरावरून अंदाज करायला शिकतच नाही. मण्यांच्या एकूण लांबीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर दोरा मोकळा सोडा, म्हणजे ४८ नंतर कपड्यांचा चिमटा बसतो. पाच-पाचने रंग बदललेली माळ विकत मिळते, ती घेऊ नका. दशक दिसायला हवं. दशकांच्या जुड्यांना खराट्याच्या काड्या नि रबर, सुट्यांना चिंचोके. महागडी किट घ्यायचीच असेल तर मुलाने ही माळ वापरून टाकल्यावर.

विज्ञानाला दोनच नावं पुरेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची तिसरी ते पाचवीसाठीची ‘स्मॉल सायन्स’ माला आहे, तिच्यातलं शिक्षकांचं पुस्तक तुम्ही वाचा, मुलांचं मुलांना द्या. इंग्रजीला सध्या स्टोरीवीव्हरच्या पहिल्या पायरीच्या गोष्टी आणि एनसीईआरटीची मोफत पुस्तकं पुष्कळ झाली.

परिसर अभ्यासाचं मात्र तयार पुस्तक तुम्हाला कुठेच मिळणार नाही. महाराष्ट्रात तिसरीचा परिसर अभ्यास जिल्हावार निघतो, कोल्हापूरचा वेगळा, पुण्याचा वेगळा. आपण त्या यादीत नाही. कोल्हापूर जिल्ह्याची आवृत्ती घ्या आणि तिच्या मथळ्यांचा साचा वापरून मुलांकडूनच आपल्या भागाचं पुस्तक करून घ्या. ए-फोरची पानं, एका मथळ्याला दोन पानं, वर्षाला दहा मथळे. नद्यांचं पान तर खानापूरसारखं दुसरीकडे होणार नाही. मलप्रभा कणकुंबीला उगवते, पूर्वेला जाते, कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. त्याच तालुक्यात म्हादई उगवते आणि पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला. नकाशावर दोन्ही उगम टिंबांनी दाखवा, मग मुलांना विचारा की मधे काय असेल? जलविभाजक हा शब्द नंतर सांगा. उद्योगांत खानापूरची मातीची भांडी, वडगाव-शहापूरचे माग. जुन्या वास्तूंत हलशीची कदंबकालीन देवळं. पाण्यात गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा. इतिहासात १८२४ चा कित्तूरच्या राणी चन्नम्माचा इंग्रजांशी लढा. शिवकाल बालभारतीच्या चौथीच्या पुस्तकातून, कित्तूरचा लढा कर्नाटकाच्या पुस्तकातून, दोन्ही वाचू द्या. हे आपल्याच घरासमोरचं आहे, मुलांना कुणाचंही परकं वाटू देऊ नका.

शेवटी कागदपत्रांचं, कारण पुस्तकांची निवडही त्यावर ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकण्याचा उल्लेख नाही. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. म्हणून थोरलीचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखले, जुनी प्रगतिपुस्तकं एका फाईलमध्ये ठेवा, आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या लेखनाचा, गणिताचा एक-एक तारखेचा नमुना त्यात टाका. परत शाळेत जायचं झालं तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा ही फाईल बोलते.

परत जायचं नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या आहेत. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, माध्यम मराठी घेता येतं, आणि विषय म्हणून मराठी नि कन्नड दोन्ही आहेत. किमान पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी. एका वेळी दोन विषय देऊन मोकळं होता येतं. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायाला २० टक्के गुण असतात आणि पुष्कळ मुलं तेच वेळेत देत नाहीत. अभ्यासकेंद्र निवडताना तिथे तुमचं माध्यम आणि तुमचे विषय आहेत का ते प्रवेश घेण्याआधी जाऊन विचारा. थोरलीला त्याला अजून चार वर्षं आहेत. आठवीच्या वयाला आली की एनआयओएसचं मराठी साहित्य उतरवून एक-एक धडा वाचायला लागा, तोवर त्या पुस्तकांना हात लावायची गरज नाही.